विहिरीत बागुलबुवा नाही, हे मुलांना कसे सांगावे?

मृद्गंध यांचा प्रश्न

नमस्कार. माझा मुलगा पाच वर्षांचा आणि मुलगी साडेतीन वर्षांची आहे. आम्ही पुण्यात राहतो आणि दरवर्षी मे महिन्यात राजापूर तालुक्यातील सासरच्या घरी महिनाभर राहायला जातो. घर जुने, चिऱ्यांचे आहे. मागील दारी विहीर, न्हाणीघरात पाणी तापवायची चूल, स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वापरायची विळी आणि आवाराभोवती दगडी गडगा. त्या गडग्याच्या फटींत काय काय राहत असेल, हे कोकणात राहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

गेल्या वर्षी मुलांनी विहिरीकडे फिरकू नये म्हणून सासूबाईंनी त्यांना सांगितले की आत बागुलबुवा राहतो. मीही त्यांना अडवले नाही. उलट "हो, चांगला मोठा आहे" अशी पुस्ती जोडली. दोन दिवसांनी दुपारची जेवणे होऊन सगळे आडवे झालेले असताना मला मागील दारी मुलाच्या हसण्याचा आवाज आला. तो विहिरीच्या कठड्यावर पोट टेकून, दोन्ही पाय अधांतरी ठेवून आत वाकला होता आणि "ए बागुलबुवा" अशी हाक मारत होता. प्रत्येक हाकेसरशी विहीर तेच शब्द त्याला परत करत होती आणि तो खिदळत होता. माझ्या यजमानांनी आवाज न करता मागून जाऊन त्याला कमरेला धरून उचलले. खाली उतरवल्यावर तो आनंदाने म्हणाला, "बाबा, तो खरंच आहे. तो माझ्याशी बोलतो."

मुलीच्या मनावर मात्र नेमका उलटा परिणाम झाला. आंघोळीचे पाणी विहिरीतून येते हे कळल्यापासून ती बादलीत हात घालायला तयार होत नव्हती आणि आता पुण्यातही ती न्हाणीघराचे दार लावू देत नाही.

या मे महिन्यात जाण्यापूर्वी मला मुलांशी खरे बोलायचे आहे, पण ते कसे, हे कळत नाही. एवढ्या लहान मुलाला "बुडून माणूस मरतो" असे सांगावे का? घरातील वडीलधाऱ्यांच्या मते मुलांपुढे असे अभद्र बोलू नये. विळी, चूल, साप, विंचू यांविषयी किती सांगावे? आणि एकदा खोटे सांगून झाल्यावर ते मागे कसे घ्यावे? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

तुळशीकट्टा यांचा प्रतिसाद

मी अनेक वर्षे बालवाडीत शिकवले आहे, त्या अनुभवावरून लिहिते. सर्वप्रथम, तुमच्या मुलाने काहीही चूक केलेली नाही. मोठ्यांनी जे सांगितले त्यावर त्याने विश्वास ठेवला आणि तो ते पाहायला गेला. बागुलबुवाचे नाव घेतले की आपण धोका होता तिथून उचलून भलतीकडेच नेऊन ठेवतो: खोल पाण्याचे भय राहत नाही, पाण्यात राहणाऱ्या कोणाचे तरी भय तयार होते. मग मूल धीट असेल तर ते त्याला भेटायला जाते आणि हळवे असेल तर त्याला प्रत्येक बादलीत तो दिसू लागतो. तुमच्या घरात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या.

आपण मुलांना दिवसभर "जपून", "सांभाळ", "पडशील हं" असे म्हणत असतो. या शब्दांतून मुलाला आपली काळजी कळते, पण नेमके काय करायचे ते कळत नाही. "कठड्याला पोट लावायचे नाही" किंवा "न्हाणीघरात पाय घासत चालायचे, पळायचे नाही" हे त्याला लगेच समजते, कारण त्यात त्याच्या पोटाचे आणि पायांचे काम सांगितलेले असते. मूल पडल्यावर फरशीला चापट मारून "मुंगी मेली बघ" असे म्हणून त्याला हसवण्याची आपली पद्धत मला प्रिय आहे आणि ती सोडावी असे मी म्हणणार नाही. पण रडणे थांबल्यावर "फरशी ओली होती आणि तू पळालास, म्हणून पाय घसरला" हे वाक्यही त्याच्या कानावर गेले पाहिजे. नाहीतर दोष फरशीचा आणि मुंगीचा राहतो.

जे दाखवता येते ते सांगत बसू नये. माझी नात चार वर्षांची असताना विळीच्या पात्याला हात लावायला सारखी पुढे येत असे. एके दिवशी मी तिला शेजारी बसवले, एक कोवळी काकडी घेतली आणि पात्यावर अगदी हलकेच टेकवून पुढे सरकवली. काकडीचे दोन तुकडे खाली पडले. "बघ, मी जोर लावला नाही. बोटालाही एवढेच लागते," एवढेच मी म्हटले. ती काही बोलली नाही, पण तिने दोन्ही हातांच्या मुठी वळल्या आणि पाठीमागे नेल्या. त्यानंतर मी विळीवर बसले की ती आपणहून पाटाच्या पलीकडे बसू लागली. चुलीबाबतही मी असेच केले. भाताचे पातेले उतरवल्यावर बऱ्याच वेळाने ते पुरेसे निवले आहे का हे आधी स्वतः पाहून मग तिचा हात बाहेरून टेकवला आणि सांगितले की चुलीवर असताना ते याहून कितीतरी अधिक गरम असते आणि कातडी सोलून निघते.

आता "मरतो" या शब्दाविषयी. हा शब्द टाळू नये असे माझे मत आहे, मात्र तो कारणाला धरून, शांत आवाजात आणि एकदाच यावा. "विहीर खोल आहे. पाणी तुझ्या डोक्याच्या खूप वर असते. पाण्यात माणसाला श्वास घेता येत नाही आणि श्वास थांबला की माणूस मरतो. म्हणून मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय आपण तिथे जात नाही." यात अभद्र काही नाही. "विहिरीत पडून मर एकदाचा" असे रागाच्या भरात मुलांना म्हटलेले मी ऐकले आहे, ते अभद्र आहे. मुलगा "मी पण मरेन का?" असे विचारील, तेव्हा "छे, भलतेच काय बोलतोस" असे म्हणून त्याला गप्प करू नका. "आपण नियम पाळतो आणि आम्ही तुझ्याजवळ असतो, ते याचसाठी" असे सांगा.

आणखी एक गोष्ट अत्यंत कळकळीने सांगते. सांगणे म्हणजे कुंपण नव्हे. पाच वर्षांचे मूल नियम तोंडपाठ म्हणून दाखवते आणि चेंडू विहिरीकडे घरंगळला की त्याच क्षणी विसरते. यात त्याचा दोष नाही, त्याचे वयच तसे आहे. जाण्यापूर्वीच विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घ्या आणि तिला कुलूप लावा. बुडणारे लहान मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातपायही फार आपटत नाही. शेजारच्या खोलीतील माणसाला काहीही ऐकू येत नाही. त्यामुळे "आवाज आला तर धावू" या भरवशावर राहू नका. आंघोळ झाली की बादल्या आणि घंगाळ रिकामे करून पालथे घाला.

कातळसडा यांचा प्रतिसाद

मी कोकणातील एका ग्रामीण भागात डॉक्टर आहे. साप आणि विंचू यांविषयी स्वतंत्रपणे लिहितो, कारण शहरातून सुट्टीला आलेल्या कुटुंबांत याविषयी एकतर अतोनात भीती असते किंवा काहीच सांगितलेले नसते.

आपल्याकडे संध्याकाळनंतर सापाचे नाव घेत नाहीत. "लांबडं" म्हणतात किंवा "जनावर" म्हणतात. दिवा विझला असे न म्हणता आपण त्याला निरोप देतो, मीठ संपले तर ते वाढले असे म्हणतो, घरातून निघताना "जातो" ऐवजी "येतो" म्हणतो. या बोलण्यामागची माया मला समजते आणि मोठ्यांनी तसे बोलायला माझी हरकत नाही. पण पाहुण्या आलेल्या मुलाला "तिकडे लांबडं आहे" म्हणजे काय, हे कसे कळावे? त्याला साप म्हणजे साप असेच सांगावे. रात्री शिट्टी वाजवली की साप येतो असे सांगण्यापेक्षा, साप रात्री उंदीर आणि बेडूक शोधायला बाहेर पडतो हे सांगितले, तर लाकडांच्या राशीत, गवताच्या गंजीत आणि दगडांच्या फटीत हात का घालायचा नाही, हे मुलाला आपोआप उमगते. शिवाय ते खरे आहे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप आहेत. पाच वर्षांच्या मुलाला ते ओळखायला शिकवण्याच्या भानगडीत पडू नका. कोणताही साप दिसला की जवळ जायचे नाही, दगड मारायचा नाही, मागे सरायचे आणि मोठ्या माणसाला हाक मारायची, एवढेच त्याला शिकवा. मोठ्यांनी मात्र मण्यार लक्षात ठेवावी. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण बऱ्याचदा दिसतही नाही आणि वेदना फारशी होत नाही. पहाटे मुलाचे पोट दुखू लागले आणि पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तर अपचन समजून घरी थांबू नये. मुलांना जमिनीवर न झोपवता खाटेवर झोपवा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

ज्या प्रसंगामुळे मी हे सारे इतक्या आग्रहाने लिहीत आहे, तो आता सांगतो. एकदा संध्याकाळी सात वर्षांच्या एका मुलाला घेऊन घरचे आले. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होते. मुलगा म्हणत होता, काटा लागला. कोरड्या काचेच्या नळीत त्याचे थोडे रक्त घेऊन आम्ही वीस मिनिटे ती न हलवता ठेवली. निरोगी माणसाचे रक्त तेवढ्या वेळात गोठते. त्याची नळी तिरपी केली तेव्हा रक्त पाण्यासारखे वाहिले. ते फुरसे होते. प्रतिविष दिले, वरच्या रुग्णालयात हलवले आणि मुलगा वाचला. बरे वाटल्यावर त्याने आईला सांगितले की साप त्याने सकाळीच पाहिला होता. ज्या गडग्यावर चढायचे नाही असे त्याला बजावले होते त्यावरच तो चढला होता आणि मार बसेल म्हणून त्याने काटा लागल्याचे सांगितले. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा तो वेळ मला आजही आठवतो. म्हणून मुलांना धोका सांगताना एक वचनही द्या आणि ते पाळा: "तू नियम मोडला असलास तरी काही चावले, टोचले, तोंडात गेले किंवा भाजले, तर आधी मला सांगायचे. मी मारणार नाही." खेळण्यातील बटणासारखा सेल गिळला असेल तर अन्ननलिका जळायला दोन तासही पुरतात, तिथेही मुलाने लगेच सांगण्यावरच सारे अवलंबून असते.

विंचवाविषयी थोडक्यात सांगतो. आपल्याकडच्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला आणि चित्र पालटले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पण औषध वेळेवर मिळण्यासाठी मूल वेळेवर पोहोचले पाहिजे. दंशानंतर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे यांपैकी काही दिसले तर उताऱ्यात वेळ घालवू नका. साप असो वा विंचू, दोरी आवळून बांधू नका, जखम कापू नका, अवयव हलू देऊ नका आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. गावी पोहोचल्याच्या पहिल्याच दिवशी सर्पदंशाचे प्रतिविष जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात उपलब्ध आहे, ते विचारून ठेवा.

संत्र्याचीबाग यांचा प्रतिसाद

वरील दोन्ही प्रतिसाद वाचले. मी काहीसा वेगळा अनुभव सांगतो, कारण खरे सांगितले की काम झाले, असे मला वाटत नाही. किती सांगायचे यात मी स्वतः चुकलो आहे.

मी नागपूरला राहतो आणि वीज मंडळातून निवृत्त झालो आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरशिवाय निभत नाही आणि कूलरचा शॉक लागून दरवर्षी माणसे जातात. पत्र्याचा कूलर, आत पाणी, खाली ओली जमीन, घराला अर्थिंग नाही आणि माणूस अनवाणी. चालू कूलरमध्ये पाणी भरताना हे सारे एकत्र येते. माझी नात साडेचार वर्षांची असताना मी तिला हे सविस्तर सांगितले. वीज अंगातून कशी जाते, हात कसा चिकटून बसतो, हृदय कसे थांबते, सगळे सांगितले. प्रत्येक शब्द खरा होता. त्या रात्री ती झोपली नाही. पुढचे आठ दिवस तिचे बाबा कूलरजवळ गेले की ती त्यांचा सदरा धरून मागे ओढत असे आणि रडत असे. कूलर बंद करून उकाड्यात झोपण्याची वेळ आमच्यावर आली.

मग माझ्या पत्नीने जे केले ते मला सुचले नसते. तिने नातीला एक काम दिले. पाणी भरण्याआधी नातीने दारात, कोरड्या जागी उभे राहून मोठ्याने विचारायचे, "पिन काढली का?" आणि मोठ्यांनी प्लग हातात धरून तिला दाखवायचा. तो दिसल्याशिवाय पाण्याचा पाइप आत जाणार नाही. दोन-तीन दिवसांत तिची भीती निवळली, कारण तिने आता नुसते भिऊन बसायचे नव्हते, तिला करण्यासारखे काहीतरी मिळाले होते. खरे सांगायचे तर त्या प्रश्नामुळे आम्हा मोठ्यांनाही शिस्त लागली. मी स्वतः पूर्वी घाईत प्लग न काढता पाणी भरत असे, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे असे की मुलाला धोक्याचे कारण एका वाक्यात सांगावे आणि सोबत त्याच्या हातून होईल असे एखादे काम द्यावे. बाकीचा तपशील त्याने विचारला तरच आणि त्याने विचारले असेल तेवढाच. तुमच्या मुलीला तर साडेतीनाव्या वर्षी विहिरीचे शास्त्र सांगूच नका. घरातील वायरिंगचे खरे रक्षण मात्र मोठ्यांनीच करायचे आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. हे काम कोणत्याही गोष्टीने किंवा समजावण्याने होत नाही.

आडवाट यांचा प्रतिसाद

बागुलबुवाच्या जोडीला "पोलीस धरून नेतील" आणि "डॉक्टर सुई टोचतील" या धमक्याही सोडाव्यात, एवढेच मी सुचवते. आंगणेवाडीच्या जत्रेत माझ्या बहिणीचा मुलगा गर्दीत हात सुटून हरवला. बंदोबस्ताचे पोलीस जागोजागी उभे होते. त्यांनी त्याला एकटा पाहून जवळ बोलावलेसुद्धा, पण तो पळाला आणि एका खाजाच्या दुकानाच्या टेबलाखाली, ताडपत्रीच्या आड लपून बसला. तो सापडायला दीड तास लागला. जेवला नाही की पोलीस येतात, असे आम्हीच त्याला रोज ऐकवत होतो. ज्यांच्याकडे धाव घ्यायची, त्यांचेच भय आम्ही त्याला घातले होते. आता त्याला आईवडिलांचे पूर्ण नाव आणि फोन क्रमांक पाठ आहे. एवढ्या वयाच्या पुष्कळ मुलांना आईचे नाव "आई" एवढेच सांगता येते. तुमच्या मुलाला एकदा विचारून पाहा. मोठ्यांनी ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही क्रमांक लक्षात ठेवावेत.

मृद्गंध

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही गावी येऊन बारा दिवस झाले आहेत, म्हणून काय घडले ते कळवते.

येण्यापूर्वी मी सासूबाईंना फोनवर सारे वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. "मरण" हा शब्द मुलांपुढे काढायचा नाही, यावर त्या ठाम राहिल्या आणि मीही हट्ट धरला नाही. जाळी मात्र त्यांनी आम्ही येण्याच्या आधीच बसवून घेतली. विहिरीत खडा टाकून खोली दाखवावी असे मी सुचवले, तेव्हा पिण्याच्या पाण्यात खडे टाकायचे नाहीत असे त्यांनी मलाच सुनावले, आणि ते योग्यच होते. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कळशी भरून वर काढली, तिचा ओला दोर सोडला आणि अंगणात सरळ अंथरला. मे महिन्यात पाणी तळाला गेलेले असते, त्यामुळे दोर तुळशीपासून थेट गोठ्याच्या दारापर्यंत गेला. मग त्या नातवाला म्हणाल्या, "ह्या टोकाकडून त्या टोकापर्यंत चालत जा. विहीर एवढी खोल आहे. पडलास तर आजोबांचा हात पोचत नाही, बाबांचाही पोचत नाही, आणि पाण्यात जीव गुदमरतो." तो एक एक पाऊल टाकत शेवटपर्यंत गेला आणि मागे वळून त्याने विहिरीकडे पाहिले. मग विचारले, "मग माझ्याशी कोण बोलत होते?" त्याच्या बाबांनी त्याला रिकामा हंडा आणून दिला आणि त्यात तोंड घालून हाक मारायला सांगितले.

विहिरीभोवतीच्या अळूच्या वाफ्यापर्यंत यायचे, त्यापुढे नाही, अशी हद्द ठरली आहे. रात्री झोपताना मच्छरदाणी चारही बाजूंनी खोचली आहे का, हे विचारण्याचे काम त्याच्याकडे आहे. परवा त्याने माझ्या सासऱ्यांची चप्पल घालण्यापूर्वी आपटून दाखवली. प्रतिविष कुठे मिळते याची चौकशी करून आरोग्य केंद्राचा क्रमांक दारामागे लिहून ठेवला आहे.

मुलीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. बागुलबुवा नव्हताच, आम्ही चुकीचे सांगितले, असे मी तिला दोनदा सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग तो आता कुठे गेला?" ती अजूनही न्हाणीघराचे दार लावू देत नाही.

तुळशीकट्टा यांचा प्रतिसाद

दोराची युक्ती माझ्या कधी ध्यानात आली नव्हती; सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मुलीशी वाद घालू नका आणि तो गेला, पळाला, आपण त्याला हाकलले, असेही म्हणू नका. तसे म्हटले की तो होता हे पुन्हा सिद्ध होते. ज्यांनी तो सांगितला त्यांनीच, म्हणजे आजीने, तिला मांडीवर घेऊन सांगावे की तू विहिरीजवळ जाऊ नयेस म्हणून मी ते नाव घेतले, ते खरे नव्हते. तुमच्या सांगण्याला आजीच्या तोंडची सर येणार नाही. बादली भरताना तिला जवळ उभे करा, तांब्याने पहिले पाणी तिलाच ओतू द्या, आणि दार काही महिने उघडे राहिले तर राहू द्या.